वजन ग्रॅममध्ये, हिशोब नगांत

मागच्या अंकात ‘मोल’ या शब्दाचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग आला. तेव्हा या वेळचं सदर त्यालाच. एक खुलासा आधीच करते. मी कनिष्ठ महाविद्यालयात बत्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, पण हा विषय मला कळला तो वडिलांच्या मिरजेतल्या नटबोल्टच्या दुकानात. त्यामुळे उत्तरांत लोखंडाचा वास येईल, चालवून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ‘द्रव्याचे मोजमाप’ या धड्यातलं सूत्र तिला तोंडपाठ आहे, गणितंही सुटतात. पण परवा तिनेच विचारलं, “आई, १८ ग्रॅम पाणी, ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ, तिन्ही म्हणे एकेक मोल. मग यांच्यात सारखं आहे तरी काय?” मला सांगता आलं नाही. (एक आई, डोंबिवली)

तुमची मुलगी हुशार आहे. सूत्रात घालून उत्तर काढणारी शंभर मुलं भेटतात, हा प्रश्न विचारणारं एखादंच.

आमच्या दुकानात शेड बांधणारे ठेकेदार यायचे. “काका, पाचशे बोल्ट, पाचशे नट, हजार वायसर.” एका बोल्टला एक नट आणि दोन बाजूंना दोन वायसर, असा त्यांचा हिशोब. आता दोन हजार नग कोण मोजत बसणार? बाबा दहा बोल्ट तराजूत टाकायचे : ३२० ग्रॅम. दहा नट : ११० ग्रॅम. दहा वायसर : ४० ग्रॅम. मग बोल्ट सोळा किलो, नट साडेपाच किलो आणि वायसर चार किलो जोखून पोत्यात. तिन्हींची वजनं वेगळी, पण ठेकेदाराला वजनाशी देणंघेणं नव्हतं. त्याला हवे होते नग. वजन ही फक्त बाबांची सोय.

रसायनशास्त्रात नेमकं हेच चालतं. रेणू एकमेकांना भेटतात ते नगांनी, एकास एक, एकास दोन असे. आपल्या हातात मात्र तराजू असतो, आणि तो ग्रॅमशिवाय दुसरं काही बोलत नाही. मोल म्हणजे नगांचा एक ठरवलेला गठ्ठा, जसा डझन म्हणजे बारा आणि कोडी म्हणजे वीस. पाण्याचा एक रेणू हलका, म्हणून त्याच्या गठ्ठ्याचं वजन १८ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइडचा रेणू त्याच्या जवळजवळ अडीचपट जड, म्हणून ४४. तेव्हा तिला सांगा, सारखी आहे ती नगांची संख्या. (मिठात सुटे रेणू नसतात, तिथे सोडियम-क्लोरीनच्या जोड्या मोजायच्या. हे तिने विचारलं तरच सांगा.)

गठ्ठा केवढा? ६०२२ लिहून पुढे वीस शून्यं. आपल्या जुन्या संख्यानामांत शेवटचा परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. तसले साठ लाख परार्ध घेतले की एक मोल होतो. पृथ्वीवरच्या आठशे कोटी माणसांनी सेकंदाला एक या वेगाने, न झोपता, न जेवता मोजायला घेतलं तर साधारण २४ लाख वर्षं लागतील. आणि हे सगळे नग मावतात पाण्याच्या साडेतीन-पावणेचार चमच्यांत.

जाता जाता : या ‘मोल’चा आपल्या मोलमजुरीशी काही संबंध नाही. रेणूसाठी जर्मनमध्ये जो शब्द आहे, त्यावरून विल्हेल्म ओस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो वापरात आणला. मला मात्र वर्गात ‘कवडीमोल’ आठवल्याशिवाय राहायचं नाही.

प्रश्न : बाई, रामराम. माझी दोन एकर द्राक्षबाग आहे. पावसाळ्यात डाऊनी या पानांच्या रोगासाठी आम्ही एक टक्का बोर्डो मारतो : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. यंदा मुलगा अकरावी सायन्सला गेलाय. तो वहीत गणित करून म्हणतो, “आबा, चुना पाव किलोसुद्धा लागत नाही, तुम्ही चौपट वाया घालवताय.” कृषी सहायक म्हणतात किलोच घाला. खरं कुणाचं? (द्राक्ष बागायतदार, तासगाव तालुका)

दादा, रामराम. दोघांचंही खरं आहे. पोराला आधी शाबासकी द्या, मग पुढचं वाचून दाखवा.

त्याचं गणित तपासू. मोरचुदाच्या एका नगात तांबं साडेत्रेसष्ट, सल्फेट ९६ आणि पाण्याचे पाच रेणू, म्हणजे ९०. बेरीज अडीचशेला अर्धा कमी, आपण अडीचशेच धरू. म्हणजे अडीचशे ग्रॅमला एक मोल, आणि तुमच्या एक किलोत चार मोल. एका तांब्याला एक चुना लागतो, तेव्हा चुनाही चार मोल. कळीच्या चुन्याचा मोल ५६ ग्रॅमचा : चार छप्पन्न दोनशे चोवीस. पोरगा बरोबर आहे, पाव किलोसुद्धा नाही. खरं तर सगळ्या तांब्याला पूर्ण जोडी मिळायच्या आधीच बराचसा गाळ बसू लागतो, म्हणजे प्रत्यक्षात याहूनही थोडा कमीच.

मग किलो कशाला? कारण पोराने वहीत जो चुना घेतला तो शंभर टक्के शुद्ध. तुमच्या शेडमध्ये जो आहे तो पोत्यातला.

चुन्याची गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथे आहे. भट्टीत चुनखडी भाजली की शंभर ग्रॅममधले ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातात आणि ५६ ग्रॅम कळी उरते. कळीवर पाणी ओतलं की ती तापते, फुटते, खदखदते आणि १८ ग्रॅम पाणी पिऊन ७४ ग्रॅमची फक्की होते. इथवर चुना जिवंत आहे. पण पोतं उघडं राहिलं तर फक्की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेते, पाणी सोडते आणि पुन्हा चुनखडी होऊन बसते. ७४ ग्रॅमचे शंभर ग्रॅम होतात! म्हणजे मेलेल्या चुन्याचं पोतं उलट जड लागतं. तराजू म्हणेल माल वाढला, आणि कामाचे नग तर घटलेले. नुसत्या वजनावर विश्वास ठेवला की असं फसायला होतं.

पारख करायची तर चिमूटभर फक्की बशीत पाण्याने ओली करा आणि वर लिंबू पिळा. जोरात फेस आला तर त्यात चुनखडी भरपूर झाली आहे. फेस अगदी थोडा असेल तर माल ताजा. हे फक्कीवरच करा, कळीवर नको, ती उकळून अंगावर उडते. कळीची पारख पाण्याचे चार थेंब टाकूनच होते. ताजी असेल तर तापते, मेलेली असेल तर थंड राहते.

जादा चुना घालायचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. चुना कमी पडला तर तांब्याचे काही नग पाण्यात मोकळे राहतात, आणि मोकळं तांबं कोवळी पानं करपवतं. चुना जास्त झाला तर? पानावर पांढरे डाग पडतील, गाळून घेतलं नाही तर नोझल तुंबेल, तांबं जरा सावकाश काम करेल. एका बाजूला बाग, दुसऱ्या बाजूला नोझल. शिफारस करणाऱ्याने बागेच्या बाजूने कौल दिलाय. दुकानातही बाबा मूठभर नट जास्त टाकायचे. उरलेला नट ठेकेदार परत आणून देतो, पण कमी पडलेला नट काम थांबवतो. जो माल आधी संपतो तो काम कुठवर जाईल ते ठरवतो; पुस्तकात त्याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात. बोर्डोत तो मान मोरचुदाला मिळायला हवा, चुन्याला नाही. एवढं वाक्य पोराला वहीत लिहायला सांगा.

आणि वहीपेक्षा खात्रीची परीक्षा तुमच्याकडे आधीपासून असेल : घासून चकचकीत केलेला लोखंडी सुरा किंवा खिळा मिनिटभर मिश्रणात बुडवायचा. वर तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, चुन्याची निवळ अजून ओता. लोखंड स्वतः विरघळून तांब्याला बाहेर काढतं, म्हणून तो थर. याच कारणाने लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत मोरचूद भिजवू नये. बादलीलाच भोक पडेल आणि तांबं बुडाशी बसेल. प्लास्टिकचा ड्रम बरा. मिश्रण थोडा वेळ ठेवून वरचं पाणी बघा. ते निळसर राहिलं असेल तरी अर्थ तोच.

तांब्याचा हिशोबही सांगून ठेवते : चार मोल म्हणजे २५४ ग्रॅम तांबं, १०० लिटरमध्ये. लिटरला अडीच ग्रॅम. चुना पाव किलो घाला नाहीतर किलो, हा आकडा हलत नाही.

तुमच्या बागेशी नातं आहे म्हणून हेही लिहिते. हे मिश्रण सापडलं ते चोरांमुळे. फ्रान्समध्ये बोर्डोजवळच्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. बोर्डोतले प्राध्यापक मिलार्दे यांच्या लक्षात आलं की डाऊनीने सगळा मळा झडलाय आणि रस्त्याकडेच्या ओळींची पानं मात्र शाबूत आहेत. त्यांनी १८८५ मध्ये हे प्रसिद्ध केलं. तेव्हा प्रमाणाचा अंदाज हातानेच होता, आणि चुना भरपूर होता.

शिफारशीतला किलो मी कमी करायला सांगणार नाही. ताजा चुना मिळाला आणि सुऱ्याची परीक्षा रोज घेणार असाल, तर कृषी सहायकांशी बोलून ठरवा.

प्रश्न : आमच्या वेळी मोल म्हणजे १२ ग्रॅम कार्बनमधल्या अणूंची संख्या. नातवाच्या पुस्तकात व्याख्या बदललेली दिसते. कार्बन बदलला की काय? (निवृत्त वाचक, पुणे)

कार्बन आहे तिथेच आहे, बदललं ते टोक. पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ हे पक्कं होतं आणि त्यात किती अणू हे मोजून काढत. २० मे २०१९ पासून आकडाच पक्का केला : ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, पुढे एकही अंक नाही. आता १२ ग्रॅम हे मोजून येतं, आणि ते इतकं जवळ येतं की तुमच्या-माझ्या तराजूला फरक कळणार नाही. हा आकडा पक्का करायच्या आधी शास्त्रज्ञांनी शुद्ध सिलिकॉनचा एक किलोच्या आसपासचा, जवळजवळ निर्दोष गोळा घडवून त्यातले अणू मोजले होते. एकेक करून नव्हे, स्फटिकातलं अणूंचं अंतर मोजून.

त्या आकड्यात दैवी काही नाही. आपण ग्रॅम वापरतो म्हणून तो तेवढा आला. आपल्या सोनारांनी हे शास्त्र रचलं असतं तर १२ तोळे कार्बन धरला असता, आणि मोल झाला असता सुमारे सात कोटी परार्धांचा. हिशोब सगळे तरीही तसेच सुटले असते.

प्रश्न : एका लेखात वाचलं की घरगुती गॅसचा एक सिलिंडर जळला की चाळीस किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो! छापायची चूक असणार ना? (गृहिणी, नाशिक)

चूक नाही. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसले होते. चला, करून बघू.

सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. सोयीसाठी सगळा ब्युटेन धरते. त्याच्या एका रेणूत चार कार्बन आणि दहा हायड्रोजन, म्हणजे मोल ५८ ग्रॅमचा. १४,२०० ग्रॅमला ५८ ने भागा : साधारण २४५ मोल. प्रत्येक रेणूतले चार कार्बन चार कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात, म्हणजे ९८० मोल. गुणिले ४४. आले ४३ किलो.

वरचं वजन कुठून आलं? खिडकीतून. ब्युटेनच्या एका रेणूला जळायला ऑक्सिजनचे साडेसहा रेणू लागतात. (अर्धा रेणू बघून घाबरू नका, दोनास तेरा म्हणा.) तो ऑक्सिजन होतो ५१ किलो. आणि हायड्रोजनचं पाणी होतं २२ किलो. आता जमा-खर्च मांडा : गॅस १४.२ आणि ऑक्सिजन ५१, जमा ६५ किलोच्या थोडं वर. कार्बन डायऑक्साइड ४३ आणि पाणी २२, खर्चही तेवढाच. लाव्हाझिएने अठराव्या शतकात बंद भांड्यांत वजनं करून हेच दाखवलं होतं. आपण सिलिंडरचं वजन करतो, हवेचं करत नाही, म्हणून दचकतो. प्रोपेन धरून केलंत तरी कार्बन डायऑक्साइड गॅसच्या तिप्पटच येतो.

एवढा ऑक्सिजन पुरवायला हवा लागते सुमारे सव्वादोनशे किलो. दहा बाय दहाची, दहा फूट उंच अशा साडेसहा खोल्या भरून. आणि ते २२ किलो पाणी, म्हणजे दोन मोठ्या बादल्या, वाफ होऊन तुमच्याच स्वयंपाकघरात फिरतं. थंडीत खिडक्या लावून पुरणाचा घाट घातला की काचांवर ओघळ येतात, ते सगळेच काही डाळीच्या वाफेचे नसतात.

प्रश्न : मॅडम, मी बारावी सायन्सला आहे. ऑक्झॅलिक ॲसिडचा रेणुभार क्लासच्या नोट्समध्ये ९० दिलाय, प्रॅक्टिकलच्या वहीत १२६. मित्र म्हणतो ९० बरोबर, कारण सूत्रावरून तेवढाच येतो. कोणता घेऊ? (विद्यार्थी, बार्शी)

बाळा, हा प्रश्न तू मला विचारलास हा नशिबाचाच खेळ म्हणायचा, कारण याच ९०-१२६ ने माझी वर्गात शोभा झाली आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा नॉर्मॅलिटी होती, म्हणजे द्रावण किती तीव्र हे सांगायची जुनी पद्धत. ऑक्झॅलिक म्हटलं की ६३ हा आकडा आपोआप तोंडात यायचा. लिटरला ६.३ ग्रॅम घाला, दशांश नॉर्मल तयार. ६३ कुठून आला हे विचारायची कधी वेळच आली नाही. मग अभ्यासक्रमात मोलॅरिटी आली, म्हणजे लिटरमागे किती मोल. मी म्हटलं, आता पाठांतर नको, सूत्रावरून नीट काढू. दोन हायड्रोजन, दोन कार्बन, चार ऑक्सिजन : दोन, चोवीस, चौसष्ट. नव्वद! दशांश मोलरसाठी लिटरला ९ ग्रॅम. ऐटीत जोखलं, मेजरिंग फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी घातलं आणि वीस मुलांच्या बॅचला वाटलं.

पिपेटने १० मिली ऑक्झॅलिक, त्यात सल्फ्युरिक ॲसिड, जरा गरम करायचं आणि ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या नळीतून, परमँगनेट सोडायचं; गुलाबी रंग टिकला की थांबायचं. परमँगनेटचे दोन नग ऑक्झॅलिकचे पाच नग संपवतात. परमँगनेट ०.०२ मोलर, तेव्हा रीडिंग यायला हवं २० मिली. पहिल्याच टेबलावरून आवाज आला, “मॅडम, १४.३ ला गुलाबी झालं.” मी म्हटलं, घाई केलीस, परत कर. दुसऱ्या टेबलावर १४.३. तिसऱ्यावर १४.२. वीस मुलं चुकतील, पण सगळी एकाच आकड्यावर कशी चुकतील? मी ब्युरेटला नावं ठेवली, परमँगनेट जुनं झालं म्हणाले, पाण्यावरही खापर फोडून झालं.

आमचे प्रयोगशाळेतले मामा सातवी शिकलेले. ते कपाटातून ऑक्झॅलिकची बाटली घेऊन आले आणि लेबलावर बोट ठेवून म्हणाले, “बाई, हे टिंबाच्या पुढं दोन एचटूओ लिवलंय, त्याचं काय केलं?”

काहीच केलं नव्हतं. बाटलीतल्या स्फटिकात ऑक्झॅलिकच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बसलेले असतात. ९० अधिक ३६, म्हणजे १२६. जुन्या ६३ मध्ये ते पाणी मुकाट्याने धरलेलं होतं, १२६ चं अर्धं. मी सूत्रावरून काढायला गेले आणि पाणी सांडलं. ९ ग्रॅम भागिले १२६ म्हणजे ०.०७१४ मोलर, आणि त्याचं रीडिंग बरोबर १४.३ येतं. मुलांचं काहीच चुकलं नव्हतं.

तेव्हा तुझं उत्तर : बाटलीवर जे आहे ते घे. सूत्र ऑक्झॅलिकचं असतं, पण तू तराजूत टाकतोस ते बाटलीतला माल. शाळा-कॉलेजात बहुतेक वेळा पाण्यासकट असलेलाच मिळतो, म्हणून वहीत १२६ आहे. निर्जल लिहिलेली बाटली हातात आली तर ९०. तुझा मित्र सूत्राबद्दल बरोबर आहे, बाटलीबद्दल नाही. आणि धुण्याच्या सोड्याच्या स्फटिकांबाबत तर जास्तच जपून राहा : त्यांच्या २८६ ग्रॅममध्ये १८० ग्रॅम नुसतं पाणीच असतं, आणि बरणी उघडी राहिली की ते उडून वर पांढरी भुकटी धरते. म्हणजे लेबलही मग खोटं पडतं.

त्या दिवशी मी फळ्यावर १४.३ लिहिलं आणि बॅचला सांगितलं की यावरून मागे जाऊन मॅडमने नेमकं किती जोखलं ते काढा. सोळा जणांनी बरोबर ९ ग्रॅम काढलं. मामांनी तोपर्यंत नवीन १२.६ जोखून ठेवलं होतं.